सांडव्यातून आलेला पाहुणा

ऐकायचंच असेल तर चहाचं आधण पुन्हा ठेवायला सांगा. ही फजिती एका कपात मावणारी नाही.

परवा पुण्याहून पाहुणे आले होते. डोंगरात फिरून आलेले. मोबाइलवर फोटो दाखवत बसले. उतारावर एकाखाली एक रचलेली भाताची खाचरं, वरपासून खालपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. म्हणतात, "काका, काय सुंदर आहे बघा. जणू हिरवा जिना."

मी म्हटलं, "बघितलाय. मी तो जिना बसून उतरलोय."

ते हसले. म्हातारा विनोद करतोय असं वाटलं असेल. पुण्याच्या माणसाला खरं सांगितलं की विनोद वाटतो आणि विनोद केला की तो त्यातली चूक दाखवतो. जाऊ द्या. तुम्ही आपले आहात, तुम्हाला सगळं सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ होऊन दोनतीन पावसाळे गेले असतील. आमचं गाव आष्ट्याजवळ. काळी सपाट जमीन, ऊस, आणि पाण्याची पाळी. पाळी म्हणजे काय ते डोंगरातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं आपल्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्या सरीत गेलं म्हणून डोकी फुटतात. त्यातलं एक मीच फोडलेलं आहे. दुष्काळात तर चूळ भरली तरी ती झाडाच्या बुडात टाकायची सवय लागली होती. वाहतं पाणी दिसलं की माझे हात शिवशिवतात. कुठं चाललंय, कुणाचं चाललंय, अडवा आधी.

धाकटा भाऊ हणमंता फौजेत. गडी देखणा, निर्व्यसनी, पगार चालू. पण लग्न जमेना. का जमेना? गावात कुणालाही विचारा, माझं नाव सांगतील. आता माझी काय चूक? एकजण म्हणाला, पोरगी सैपाकाला लय हुशार. मी त्याच्याकडं बघितलं, गडी नुसता बरगड्यांचा सापळा. म्हटलं, तुमच्याकडं बघून वाटत न्हाई. उठून गेला. दुसऱ्यानं विचारलं, एकर किती? मी म्हटलं, पोरगी द्याय आलायसा का मोजणीला? तोही गेला. अशी चांगली चांगली ठिकाणं गेली, आणि हणमंता तिकडं बर्फात उभा राहून तिशीला टेकला. त्याचं पत्र यायचं, "दादा, तुम्ही ठरवाल ते." बिचाऱ्याला ठाऊकच नाही की दादा ठरवत नाही, मोडतो.

मग गणूमामानं ठिकाण आणलं. हा आईचा चुलत भाऊ. सोयरिकी जुळवणं हा त्याचा धंदा नव्हे, नाद. दोन्हीकडं जेवायला मिळतं. ठिकाण कुठलं, तर शिराळ्याच्या पलीकडं, वारणेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. वाडीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून जिवंत आहेत आणि त्यांची आठवण चांगली आहे.

मी म्हटलं, "डोंगरातली पोरगी? नाचणी खाऊन वाढल्याली?"

आई म्हणाली, "सपाटीवरच्या समद्यास्नी तुझं त्वांड ठावं झालंय. आता वर डोंगरातच जायाला पायजे. ह्या बारीला जमवूनच यायचं. आन तितं त्वांड उघडलंस तर ह्या घरात पुन्हा अन्नाला शिवायची न्हाई मी."

आई बोलली की करायची. मी शब्द दिला, तोंड उघडणार नाही. हातांबद्दल ती काही बोलली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, आषाढात कोण पोरगी बघायला जातं? ज्याला उन्हाळ्यात कुणी दिली नाही तो जातो.

शिराळ्यापर्यंत एक एसटी, पुढं दुसरी, आणि ती जिथं थांबली तिथनं पाय. पाऊस असा की डोळे उघडावे तर पाणी, तोंड उघडावं तर पाणी. मी रिकाम्या खताच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली होती. वर गेलो तर तिथली माणसं पानांची इरली पाठीवर घेऊन वाकून कामं करत होती, लांबनं बघितलं तर झोपड्याच चिखलात फिरताहेत असं वाटत होतं. मला हसू येत होतं. मामा मागनं कोपर मारत होता.

मुलीचे वडील आबा. उंच, तुटक बोलणारा माणूस. घर उताराच्या माथ्याला. आणि घरापासून खाली सुरू झाल्या त्या पायऱ्या. एकेक खाचर म्हणजे आमच्याकडचं खळं. त्याला दगडाची ताल रचलेली, म्हणजे भिंतच. म्हटलं, भिंती बांधण्यात एवढा जन्म घालवण्यापेक्षा खाली का नाही आले हे? मनात म्हटलं. तोंड बंद.

गणूमामानं माहिती पुरवली. आबा आणि त्यांचा चुलतभाऊ ज्ञानू, दोघांत ही शेती. आज्यानं वाटणी करताना एकाआड एक पायरी दिली. वरची आबाची, तिच्या खालची ज्ञानूची, त्याखाली पुन्हा आबाची, पुन्हा ज्ञानूची. अन्याय नको म्हणून. अन्याय झाला नाही, भांडणाला मात्र एकही पायरी सुटली नाही.

"पोरगी लावणीला गेलीया खाली," आबा म्हणाले. "हाक मारलीय. हातपाय धुवून यील. तवर बसा."

बसून काय करणार? बोलायचं नाही तर माणूस किती वेळ बसेल? मी तांब्या उचलला, खोळ घेतली आणि घराच्या बाजूनं वरच्या खाचराकडं गेलो. तांब्या घेतलेल्या माणसाला कुणी कुठं म्हणून विचारत नाही.

आणि तिथं मी बघितलं. खाचर काठोकाठ भरलेलं, आणि कडेला तालीत एक खाच, सांडवा म्हणतात त्याला, त्यातनं पाणी भडाभडा खाली चाललेलं. एवढं पाणी. असं फुकट. कुणाची पाळी नाही, कुणाचा पहारा नाही. दोन वर्षांमागं ह्या पाण्यासाठी आम्ही विहिरीत माणूस उतरवून वाटीनं भरत होतो, आणि हे येडे लोक सोडून देतायत?

म्हटलं, तोंडानं आजवर सोयरिकी मोडल्या, आता कामानं एक जमवू. तालीवरचेच चार दगड उचलले. ढिलेच होते. सांडव्यात बसवले, मधनं खोळ कोंबली, वर चिखल थापला, पायानं दाबला. पाणी बंद. मला तर वाटलं, आबा बघतील तेव्हा म्हणतील, असला सोयरा मिळायला भाग्य लागतं.

हात धुतले, तांब्या रिकामा केला, घरात येऊन बसलो.

पोरगी आली. हौसा. डोक्यावर पदर, पायाच्या नखांत चिखल राहिलेला. गुळाचा चहा ठेवला आणि बसली. गणूमामानं विचारलं, "नाव काय, बाय?" तिनं सांगितलं. "काय काय येतं?" ती म्हणाली, "काम येतं." एवढंच. मामा माझ्याकडं बघायला लागला, आता हा काहीतरी बोलतोय म्हणून. मी चहा प्यालो. नुसती मान हलवली.

आबांनी ते हेरलं. मामाला हळूच म्हणाले, "आमी तर ऐकलं हुतं पावनं लय फाटक्या तोंडाचं हायती. ह्ये तर गंभीर दिसत्यात."

मामा म्हणाला, "लोकांचं काय वो, जळत्यात."

बघा, जमतच आलं होतं. आबांची बायको आतनं कुंकवाची वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. आणि बाहेरनं हाळी आली.

"आब्या, भाईर यं. पाणी का बंद केलंस?"

ज्ञानू. गुडघाभर चिखल, हातात आसूड. खालच्या खाचरात बैल घालून चिखल करत होता आणि त्याचं पाणीच तुटलं होतं.

आबा उंबऱ्यातच उभे राहिले. "मी कशाला बंद करू? घरात पावनं हायती, दिसत न्हाई व्हय?"

"पावन्याम्होरं मोठेपणा करतुयास. सांडवा बुजलाय तुझा. वरनं थेंब येईना."

"बुजला असंल तर तूच बुजवला असशील. माझी सोयरीक मोडायला."

"मी माझंच पाणी बंद करीन व्हय? बैल हुबं हायती माझं चिखलात."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे पाणी वाया जात नव्हतं. वरच्या पायरीचं सांडलेलं ते खालच्या पायरीचं पाणी, तिचं सांडलेलं तिच्या खालच्या पायरीचं. सगळा डोंगर त्या एका खाचेवर जगत होता, आणि ती खाच मी खताच्या पोत्यानं बुजवून आलो होतो.

तुम्ही म्हणाल, मग तिथंच का नाही सांगितलंस? सांगतो. आत कुंकवाची वाटी तयार. तिकडं हणमंता बर्फात. इकडं आईचं अन्न. माणसानं एकदम खरं बोलून टाकावं इतकी सोपी गोष्ट होती का ती?

म्हटलं, गुपचूप जाऊन उघडावं. पण हे दोघे रस्त्यात. बरं, दोघांतला एकजण जाऊन ते दगड काढून टाकेल, तर तेही नाही.

आबा म्हणाले, "मी बुजवलाच न्हाई, मग मी काढायला का जाऊ? काढला म्हंजी मीच बुजवला हुता असं गावभर सांगशील."

ज्ञानू म्हणाला, "आन मी तुझ्या खाचरात पाय ठिवला तर ताल मीच फोडली म्हनशील. आसंच ऱ्हाऊ दे. फुटू दे. मग कळंल."

घ्या. पाणी चढतंय, पाऊस कोसळतोय, आणि हे दोघे अब्रू धरून अंगणात उभे. खालच्या पायरीवर लावणी करणाऱ्या बायकासुद्धा कंबर सरळ करून वर बघायला लागल्या.

मग आबा माझ्याकडं वळले. "पावनं, तुमी तिऱ्हाईत. तुमी सांगा. न्याय करा."

ज्ञानूही म्हणाला, "व्हय, पावन्यानं सांगावं. मला मान्य."

आता मला सांगा, सकाळपासून ज्या माणसानं तोंड दाबून धरलंय, त्याला कुणी न्याय करायला सांगितला तर काय होईल? मी उभा राहिलो. कमरेवर हात ठेवले. गप्प राहिलो असतो तर संशय आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोंडाला खाज सुटली होती.

"हे बगा," मी म्हटलं, "कुनी बुजवला ह्यो वाद नंतर. पण ज्यानं बुजवला त्यो माणूस हरामखोर. दुसऱ्याच्या पाण्याला हात लावनाऱ्याला दयामाया न्हाई. काय नुकसान हुईल, माती जाईल, तरवा जाईल, त्यानं समदं स्वतःच्या डोक्यावर पाटीनं वाहून जाग्यावर भरून द्यायचं. मग त्यो ह्या घरचा असू, न्हाईतर त्या घरचा. आन गाव बघत बसंल."

"वा," ज्ञानू म्हणाला. "ह्याला म्हनत्यात न्याय."

आबांची मान ताठ झाली. "असला मानूस पायजे सोयरा."

गणूमामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला काय कल्पना? मी मात्र पुन्हा तांब्या उचलला.

"आत्ताच तर जाऊन आलासा न्हवं?" आबा म्हणाले.

"पोट जरा…"

"हौसा, पावन्यास्नी ओवा दे."

ओवा चावत मी निघालो. घर ओलांडलं की पळालो. खाचराकडं बघतो तर पाणी तालीच्या वरनं सांडायला लागलेलं. आता शहाणा माणूस काय करील? वरनं एकेक दगड काढील. मी ताल उतरून खालच्या अंगाला उभा राहिलो, दोन्ही पाय तालीला लावले, पोत्याचं टोक हातात आलं ते धरलं आणि उसाची मुळी उपटावी तसा हिसका दिला.

पोतं निघालं. पोत्यामागनं माझे दगड निघाले. त्या दगडांमागनं, जिथले दगड मी उचलले होते, ती ताल निघाली. आणि मग अख्खं खाचर माझ्या अंगावर आलं.

पुढचं मी सांगतो त्या क्रमानं झालं का, ते मला नक्की माहीत नाही. एवढं आठवतं की मी बसलो होतो आणि डोंगर चालत होता. ज्ञानूच्या पायरीत पडलो, तिची ताल माझ्याआधी फुटली. आबाच्या पायरीत गेलो. तिथनं ज्ञानूच्या. कुणावर अन्याय नाही, आळीपाळीनं दोघांच्याही शेतातनं. मध्ये एका ठिकाणी ज्ञानूचे बैल दिसले. त्यांनी मला बघितलं आणि बाजूला झाले. बैलांना तेवढी अक्कल होती. तांब्या माझ्या पुढं ठणाठणा उड्या मारत चालला होता, वर्दी दिल्यासारखा.

शेवटच्या पायरीवर, जिथं बायका लावणी करत होत्या, तिथं जाऊन थांबलो. छातीपर्यंत चिखल, डोक्यावर भाताच्या रोपांचा तरवा आणि हातात पोतं. ते काही मी सोडलं नव्हतं. आपली वस्तू आपण कशाला सोडायची?

एक म्हातारी जवळ आली. वाकून बघितलं. तोंडावरचा चिखल बोटानं निपटला.

वर तोंड करून ओरडली, "ज्ञानू, पाणी मागत हुतास न्हवं? पावना आलाय."

सगळी वाडी गोळा झाली. हातातल्या पोत्याकडं सगळ्यांचं लक्ष. त्या वाडीत खताचं पोतं कुणी कधी आणलं नव्हतं, शेणखतावर चालायचं सगळं. त्यामुळं पोतं कुणाचं, हा प्रश्नच निघाला नाही. आबा आणि ज्ञानू शेजारी शेजारी उभे. मामा म्हणाला, वाटणी झाल्यापासून ते दोघे असे पहिल्यांदाच उभे राहिले. म्हणजे बघा, मी त्यांची एकी केली. त्याचं नाव कुणी काढत नाही.

"मी भल्यासाठीच…" मी सुरुवात केली.

"न्याय झाला हाय, पावनं," ज्ञानू म्हणाला. "तुमीच केलायसा. समद्यांनी ऐकलाय."

आबांनी नुसतं पाटीकडं बोट केलं.

गणूमामा? त्याला अचानक आठवलं की शिराळ्यात त्याचं काम आहे. गेला तो, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. कुंकवाची वाटी आत गेली. मी मनात म्हटलं, संपलं. हणमंता म्हातारा होऊन पेन्शनीत येणार आणि आई माझ्या दारात उपाशी बसणार.

दुसऱ्या दिवसापासून माती वाहणं सुरू. डोंगरात माती म्हणजे काय ते तेव्हा कळलं. खाली वाहून गेली म्हणून कुणी सोडत नाही, पाटीत भरून पुन्हा वर नेतात. त्यात दोघांची माती एकात मिसळलेली. ज्ञानू म्हणायचा, ही काळपट माझी. आबा म्हणायचे, तांबूस तेवढी तुझी. दोघे माझ्या पाटीत हात घालून ढेकळं वेचायचे आणि मी डोक्यावर ओझं घेऊन उभा. ताल रचायला मात्र गाव आलं, इमानानं आलं, आणि मधनं मधनं थांबून माझ्याकडं बघून हसलंसुद्धा इमानानं.

आणि पाटी भरून द्यायला खाली कोण? हौसा. पदर खोचलेला, हातात खोरं. पोरगी बघायला मी आलो होतो ना? आता बघ म्हणावं. पाटी शिगोशीग भरायची, उचलून माझ्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, "चला."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "जरा कमी भर की, बाय."

"चला."

"माणूस हाय मी, गाढाव न्हवं."

तिनं जरा वर बघितलं. विचार केला. "चला," म्हणाली.

मग मी बोलणं सोडलं. चुंबळ सरकली तरी बोललो नाही. नाचणीची भाकरी पुढं आली, ती दुप्पट खाल्ली आणि काही बोललो नाही. पाऊस आला, ज्ञानूनं स्वतःचं इरलं माझ्या पाठीवर टाकलं, आणि चिखलात फिरणाऱ्या झोपड्यांत एक झोपडी वाढली.

शेवटची ताल उभी राहिली, सांडव्यातनं पाणी पडायला लागलं, तेव्हा मी धोतर पिळलं आणि आबांच्या पाया पडलो. म्हटलं, "चुकलं. येतो मी."

"कुटं निघालासा?" आबा म्हणाले. "कुकू लावून घ्या की. पोरगी दिली."

मला वाटलं चेष्टा. "मला? म्हंजी, आमच्या घरात? ह्ये समदं बघून?"

"बघूनच." आबा कट्ट्यावर बसले. "आवं, आमी चवकशी केली हुती. पोरगा सोन्यासारखा. पर फौजंत. वरसातनं एकदा घरी येनार. मागं घरात थोरला दीर, आन त्यो आसा फाटक्या तोंडाचा की त्याच्यापायी लोक पोरी देईनात. मीच नगं म्हनत हुतो. त्या दिशी गप बसलासा तवा जरा मन वळलं, पर म्हनलं, सोंग असंल."

"मग आता?"

"आता पोरगीच म्हनाली."

आणि ती उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर पुढं ओढून, थोरल्या दिरापुढं उभं राहावं तशी अगदी रीतीनं. खाली बघून आईला म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली:

"मोठ्या दिराचं लोक उगंच भ्या घालत्यात. डोक्यावर पाटी ठिवली की चांगलं चालत्यात."